भत्त्याची हद्द

भत्त्याचा झगडा गिरणीहून जुना, पलटणीतला आहे. कंपनी सरकारचा शिपाई परमुलखात गेला की त्याला पगाराखेरीज भत्ता मिळे. १८४३ साली सिंध खालसा झाला. परमुलूख एका कागदाने स्वमुलूख ठरला आणि भत्ता तुटला! सिंधचे ऊन आणि वाटखर्च मात्र होता तोच. १८४४ च्या फेब्रुवारीत बंगालच्या ३४ व्या पलटणीने तिकडे कूच करायचे नाकारले. सरकारने पलटणच मोडली.

आज आपल्या सोलापूर विभागातल्या रेल्वे कामगाराला बाहेरगावच्या कामाचा भत्ता मुख्यालयापासून ८ किलोमीटरच्या आत नाही. त्यापुढे सहा तासांच्या आत ३० टक्के, बारा तासांपर्यंत ७०, नंतर पूर्ण. बाराला पाच मिनिटे कमी पडली की रुपयातले तीस पैसे गेले. म्हणून सभासदांना माझा आग्रह असतो, निघाल्या-परतल्याची वेळ त्याच दिवशी वहीत टिपावी.