मोनार्क फुलपाखरांचे पाळणाघर : मिल्कवीड

उत्तर अमेरिकेत शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला आणि माळरानांवर वाढणाऱ्या मिल्कवीडचे नाव तिच्या दुधासारख्या चिकावरून पडले आहे. ॲस्क्लेपिअस हे तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ग्रीकांच्या आरोग्यदेवतेवरून घेतलेले आहे. आपल्याकडे शनिवारी मारुतीला जिची माळ वाहतात ती रुई याच कुळातली. रुईवर वाढणारे प्लेन टायगर हे फुलपाखरूही मोनार्कच्या गोत्यातलेच.

प्रौढ मोनार्क अनेक प्रकारच्या फुलांतील मधुरस पितो. त्याचे सुरवंट मात्र जवळजवळ केवळ मिल्कवीडचीच पाने खातात. मादी पानाच्या खालच्या बाजूस सहसा एकेकच अंडे घालते. त्यातून बाहेर पडलेला सुरवंट सुमारे दोन आठवडे खातच राहतो. हे खाणे सोपे नसते. चीक इतका चिकट असतो, की नुकतेच जन्मलेले कित्येक सुरवंट त्यात अडकून मरतात. मोठा सुरवंट म्हणून आधी पानाची शीर कुरतडतो, चिकाचा प्रवाह तोडतो आणि मगच पानाला तोंड लावतो. चिकात हृदयक्रियेवर परिणाम करणारी कार्डिनोलाइड ही विषारी द्रव्ये असतात. मोनार्कला ती बाधत नाहीत. उलट त्याच्या शरीरात साठून पुढे फुलपाखरातही उतरतात. लिंकन ब्रोअर या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ब्लू जे पक्ष्यांना असे मोनार्क खाऊ घातले, तेव्हा पक्ष्यांना ओकाऱ्या झाल्या आणि पुढे ते मोनार्कच्या वाटेला जाईनासे झाले.

उन्हाळ्यातील मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतात. शरद ऋतूत जन्मणारी पिढी मात्र आठ-नऊ महिने जगते आणि कॅनडा व अमेरिकेतून चार हजार किलोमीटरपर्यंत प्रवास करून मेक्सिकोच्या मिचोआकान परिसरातील, सुमारे तीन हजार मीटर उंचीवरच्या ओयामेल वृक्षांवर हिवाळा काढते. शास्त्रज्ञांना हे ठिकाण १९७५ मध्ये सापडले. युनेस्कोने २००८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. फुलपाखरे मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेले जंगल मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांहून अधिक होते. २०१३-१४ मध्ये अवघे ०.६७ हेक्टर उरले. २०२४-२५ मध्ये ते १.७९ हेक्टर भरले.

या घसरणीला जंगलतोड आणि हवामान ही कारणे आहेतच; पण मोठे कारण शेतात दडलेले आहे. १९९६ पासून अमेरिकेत ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारे सोयाबीन आणि पाठोपाठ तसाच मका आला. पीक ठेवून बाकी सारे मारणारी फवारणी सुरू झाली आणि पिकाच्या ओळींत तग धरून असलेले मिल्कवीड संपले. १९९९ ते २०१० या काळात मध्य-पश्चिम अमेरिकेतील मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. तण म्हणून हिणवलेल्या याच झाडाची दुसऱ्या महायुद्धात केवढी चणचण भासली होती! जावा बेट जपानच्या ताब्यात गेल्याने कापोक हा सावरीसारखा कापूस मिळेना, तेव्हा अमेरिकेतील शाळकरी मुलांनी मिल्कवीडच्या शेंगा गोळा केल्या. त्यांतील म्हाताऱ्यांचा रेशमी कापूस नौसैनिकांच्या जीवरक्षक जाकिटांत भरला गेला. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने मात्र हे झाड उपद्रवी तणांच्या यादीतून काढण्यास २०१४ साल उजाडले.

आता अमेरिकेत अनेक नागरिक हौसेने परसात मिल्कवीड लावतात. मात्र कोणते लावावे, याला महत्त्व आहे. आपल्या बागांत हळदीकुंकू या नावाने ओळखली जाणारी लाल-पिवळ्या फुलांची जात रोपवाटिकांत सहज मिळते. पण अमेरिकेच्या उबदार दक्षिण भागात ती हिवाळ्यातही हिरवी राहते. तिच्यामुळे काही मोनार्क स्थलांतर सोडून तिथेच रेंगाळतात. शिवाय आजारी फुलपाखरांच्या अंगावरून गळणारे एका परजीवीचे बीजाणू त्याच पानांवर साचत राहतात आणि ती पाने खाणारे सुरवंट आजारी पडतात. म्हणून तेथील अभ्यासक स्थानिक जाती लावण्यास सांगतात. हळदीकुंकू लावलेच असेल, तर शरद ऋतूत ते जमिनीलगत छाटावे, असा त्यांचा सल्ला असतो.