पोर्ट वाइन : घराणी, प्रकार आणि चवीची पारख

गोव्यात ‘पोर्ट’ हा शब्द कोणत्याही गोड लाल वाइनसाठी सर्रास वापरला जातो. नाताळच्या केकबरोबर, लग्नातील शुभेच्छांच्या प्याल्यात, पाहुण्यांच्या आगतस्वागतात ती असतेच. पोर्तुगालच्या कायद्यात मात्र या शब्दाचा अर्थ काटेकोर आहे. उत्तर पोर्तुगालमधील दोरू नदीच्या सीमांकित खोऱ्यात पिकलेल्या द्राक्षांपासून, त्यात द्राक्षाचाच ऊर्ध्वपातित मद्यार्क मिसळून, ठरलेल्या नियमांनुसार तयार झालेली वाइन तेवढीच पोर्ट. युरोपीय संघात या नावाला संरक्षण आहे आणि भारतातही ‘पोर्तो’ हे नाव भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदले गेले आहे. स्थानिक गोड वाइन वाईट असते असे नाही. ती वेगळी वस्तू आहे, इतकेच. पण आयात केलेल्या बाटलीसाठी कितीतरी अधिक पैसे मोजताना आपण काय घेत आहोत, एका निर्मात्याची पोर्ट दुसऱ्याहून वेगळी कशाने ठरते आणि हा फरक जिभेने कसा ओळखावा, हे ठाऊक असलेले बरे.

खोरे आणि त्याच्या सीमा

पोर्टचा व्यापार वाढला तो इंग्लंडमुळे. फ्रान्सशी वैर असल्याने इंग्रजांना दुसरीकडून वाइन हवी होती. १७०३ च्या मेथुएन करारानुसार पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनपेक्षा एकतृतीयांशाने कमी ठेवण्यात आली. मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीच्या फळांचा रस मिसळला जाऊ लागला आणि अठराव्या शतकाच्या मध्यास भाव कोसळले. तेव्हा मार्क्विस द पोंबाल याने १७५६ मध्ये एक मक्तेदार कंपनी स्थापन करून दोरूच्या द्राक्षक्षेत्राची हद्द आखून दिली. ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवून ती जमिनीवर निश्चित केली गेली आणि एल्डरबेरीची झाडे उपटण्याचा हुकूम निघाला. गोव्यातून १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली तीही याच पोंबालच्या राजवटीत. जगातील अगदी आरंभीच्या सीमांकित व नियंत्रित वाइन-प्रदेशांत दोरूची गणना होते. २००१ मध्ये आल्तो दोरू प्रदेशाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

खोऱ्याचे पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन भाग पडतात : बायशो कोर्गू, सीमा कोर्गू आणि दोरू सुपेरियोर. पश्चिमेस पाऊस अधिक, पूर्वेस कोरडेपणा आणि उष्मा अधिक. जमीन पाटीच्या दगडासारख्या थरांच्या शिस्ट खडकाची. वेलींची मुळे त्याच्या भेगांतून खोल उतरतात. तूरिगा नासियोनाल, तूरिगा फ्रांका, तिंता रोरिझ, तिंता बारोका आणि तिंतो काओं या लाल द्राक्षांचे महत्त्व मोठे आहे. त्यांखेरीज इतरही अनेक जाती वापरास मान्य आहेत.

गोडी येते कोठून?

द्राक्षे तुडवून रस आंबवायला ठेवला की त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊ लागते. साधारण दोन-तीन दिवसांनी, निम्म्याच्या आसपास साखर शिल्लक असताना, त्यात ७७ टक्के तीव्रतेचा द्राक्षमद्यार्क ओततात. चार भाग रसाला सुमारे एक भाग, असे हे प्रमाण असते. त्याने किण्वन थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइनची तीव्रता १९ ते २२ टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे पोर्टमधील गोडी ही वरून घातलेली साखर नसते, ती द्राक्षाची स्वतःची असते. मद्यार्क नेमका केव्हा घालायचा, हा निर्णय निर्मात्याचा. काही तास उशीर केला तर वाइन कमी गोड होते, लवकर घातला तर अधिक. निर्मात्यानिर्मात्यांतील फरकाचे पहिले मूळ येथे आहे.

दोन वाटा

पोर्टचे असंख्य प्रकार दिसत असले तरी मुख्य वाटा दोन. पहिल्या वाटेवर फळाचा ताजेपणा आणि गडद लाल रंग राखला जातो. ‘रूबी’ मोठ्या टाक्यांत दोन-तीन वर्षे राहते आणि लवकर प्यायची असते. ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’ म्हणजे एलबीव्ही ही एकाच हंगामाची, चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरलेली. ‘व्हिंटेज’ हा या वाटेचा कळस. ती निवडक हंगामांतच जाहीर होते, दोन-तीन वर्षांत बाटलीत भरली जाते आणि पुढे दशकानुदशके बाटलीतच मुरते. १९६३, १९७७, १९९४ आणि २०११ ही अशी नावाजलेली वर्षे.

दुसरी वाट ‘टॉनी’ची. ही सुमारे ५५० लिटरच्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे राहते. लाकडातून हवा लागत गेल्याने लाल रंग उतरून विटकरी, मग मधासारखा होतो आणि फळाच्या जागी अक्रोड, सुके अंजीर, जळकी साखर असे गंध येतात. लेबलावरील १०, २०, ३० किंवा ४० हा आकडा बाटलीतील प्रत्येक थेंबाचे वय सांगत नाही. वेगवेगळ्या वयांच्या वाइन मिसळून त्या वयाला साजेशी चव साधली आहे आणि दोरू व पोर्तो वाइन संस्थेच्या परीक्षकांनी ती मान्य केली आहे, असा त्याचा अर्थ. एकाच वर्षाच्या, किमान सात वर्षे पिंपात ठेवलेल्या टॉनीला ‘कोल्हैता’ म्हणतात. यांखेरीज पांढरी पोर्ट आहे आणि अलीकडच्या काळातील गुलाबीही.

घराण्यांचा स्वभाव

पोर्टच्या पेढ्यांना घराणी म्हणणेच योग्य. केसरबाई आणि मोगूबाईंच्या गोमंतकाला हे समजावून सांगायला नको : एकच राग दोन घराण्यांत ऐकला की स्वर तेच असूनही मांडणी वेगळी जाणवते. येथेही हंगाम तोच, द्राक्षे बहुधा त्याच जातींची. पण मळे वेगळे आणि मिश्रण करणाऱ्याचा कल वेगळा.

१६९२ मध्ये स्थापन झालेल्या टेलर्सची व्हिंटेज ताठ बांध्याची मानली जाते. तरुणपणी तुरट, व्हायोलेट फुलांचा गंध असलेली आणि सावकाश उलगडणारी. तिचा कणा म्हणजे पूर्वेकडील व्हार्जेलास मळा. १८१५ च्या फोन्सेकाची वाइन अधिक मांसल, पिकल्या काळ्या फळांनी भरलेली. ग्रॅहम्स ही १८२० ची पेढी. गोडी आणि भरदारपणा ही तिची ओळख, माल्व्हेदोस हा तिचा प्रसिद्ध मळा. डाऊज (१७९८) नेमकी उलट दिशेची. ती किण्वन थोडे लांबवते, त्यामुळे शेवट कोरडा, सडसडीत लागतो. वॉरचा (१६७०) कल नाजूकपणाकडे, आणि तिची न गाळलेली एलबीव्ही बाटलीत मुरवूनच बाजारात येते. किंता दु नोव्हालच्या ‘नासियोनाल’ची कीर्ती निराळीच. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या आणि पुढे अमेरिकी मुळांवर कलमे करावी लागली. नोव्हालच्या या तुकड्यातील वेली मात्र स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. टॉनी आणि कोल्हैतासाठी १६३८ ची कॉप्के व १८४२ ची नीपोर्ट ही नावे जाणकारांच्या तोंडी असतात.

ग्रॅहम्स, डाऊज आणि वॉर या तिन्ही आज एकाच सिमिंग्टन कुटुंबाच्या मालकीच्या आहेत. टेलर्स, फोन्सेका आणि क्रॉफ्ट यांची मालकीही एकत्र आहे. तरीही ग्रॅहम्स आणि डाऊज शेजारी ठेवल्या की गोडीतला फरक सहज कळतो. घराणे मालकाच्या नावात नसून मळ्यात आणि मिश्रणाच्या परंपरेत असते, याचा हा पुरावा.

तुलना कशी करावी?

सर्वांत महत्त्वाचा नियम हा की तुलना समान प्रकारांचीच करावी. एकाची रूबी आणि दुसऱ्याची वीस वर्षांची टॉनी समोर ठेवली तर प्रकारांतला फरक कळेल, निर्मात्यांतला नाही. घरी करण्यासाठी तीन निर्मात्यांची एलबीव्ही किंवा तिघांची दहा वर्षांची टॉनी सोयीची. बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर क्रमांक घालावेत. नाव आणि किंमत दिसली की जीभ निःपक्षपाती राहत नाही.

प्याले सारखे, वरच्या बाजूस निमुळते आणि एकतृतीयांशाहून कमी भरलेले असावेत. लाल पोर्ट १६ ते १८ अंश सेल्सिअस आणि टॉनी त्याहून थोडी थंड चांगली. गोव्याच्या हवेत खोलीच्या तापमानाला मद्यार्काचा झोत नाकात चढतो आणि बाकीचे गंध दबतात, म्हणून बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. पांढऱ्या कागदावर प्याला कलता धरून कडेचा रंग पाहावा. मग वास घ्यावा, नंतर छोटा घोट तोंडात फिरवावा. प्रश्न चारच : गोडीला तोलणारा आंबटपणा आहे का? तुरटपणा रेशमी आहे की खरखरीत? मद्यार्क वाइनमध्ये विरघळला आहे की घसा जाळतो? आणि चव किती वेळ रेंगाळते? नुसती गोड लागणारी पोर्ट पहिल्या घोटाला जिंकते, पण तिसऱ्या घोटाला कंटाळा आणते. तोल साधलेली पोर्ट पुन्हा प्याल्याकडे बोलावते. प्रत्येक नमुन्यानंतर पाणी आणि साधा पाव घ्यावा. तीव्रता वीस टक्क्यांच्या घरात असल्याने परीक्षक घोट थुंकून टाकतात. घरीही मात्रा अगदी अल्प ठेवावी. गोव्यात मद्यप्राशनाचे कायदेशीर वय २१ आहे, हेही ध्यानात असावे.

व्हिंटेजमध्ये गाळ साचतो. म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि दुसऱ्या भांड्यात अलगद ओतून घ्यावी. उघडल्यावर व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवावी. एलबीव्ही आठवडाभर, टॉनी फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते. बिबिंक किंवा दोदोलबरोबर जुळते ती टॉनी, कारण गूळ, नारळ आणि भाजल्या साखरेची चव तिला ओळखीची वाटते.

बाटली घेताना

लेबलावर उत्पादनस्थान पोर्तुगाल असावे आणि बाटलीवर दोरू व पोर्तो वाइन संस्थेची क्रमांकित हमीपट्टी असावी. टॉनीवर बाटलीत भरल्याचे वर्षही पाहावे. ती पिंपात परिपक्व होते, बाटलीत सुधारत नाही. त्यामुळे दुकानाच्या उन्हात वर्षानुवर्षे उभी राहिलेली टॉनी महाग असली तरी घेऊ नये. या दोन-तीन खुणा तपासल्या की ‘पोर्ट’ या शब्दासाठी दिलेला पैसा दोरूच्या डोंगरउतारांवरील कष्टांना पोहोचतो. बाकीचा निवाडा कागदात गुंडाळलेल्या बाटल्या आणि आपली जीभ करील.