रस्ता दारावरून जायचा तेव्हा

१६ मे १९८२, रविवार. पहाटेचे साडेपाच. तुम्ही आज दहा वर्षांचे आहात आणि वडिलांनी जुनी म्हणून घेतलेल्या फियाटच्या मागच्या सीटवर, आजी आणि धाकट्या बहिणीच्या मध्ये अंग चोरून बसला आहात. पुढच्या बंपरला पाण्याची छागल टांगली आहे. पुणे ते कराड सुमारे १६० किलोमीटर. न थांबता गेलात तर दुपारच्या जेवणाच्या आत पोचाल. पण पोचायला रात्र होणार आहे, कारण या रस्त्यावर तुमची माणसं राहतात.

कात्रजचा जुना बोगदा ओलांडून शिरवळला चहासाठी उतरता. हॉटेलातल्या रेडिओवर पुणे केंद्राच्या सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या चालल्या आहेत. गिरणी संपाचं नाव निघताच वडील कप खाली ठेवतात. १८ जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्या बंद आहेत. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आहेत आणि त्यांत तुमचे तात्याही आहेत. परवा चार महिने पूर्ण होतील. आजी काही विचारत नाही, पण तिचा चहा तसाच राहतो.

खंबाटकीचा बोगदा अजून झालेला नाही. जाणारी-येणारी सगळी वाहनं घाटातूनच. अर्ध्यात इंजिन तापतं, बॉनेटखालून वाफ येते. वडील गाडी कडेला घेतात, सगळे खाली उतरता. वरून येणारा एक ट्रकवाला आपणहून थांबतो, "पाणी हाय का पावणं?" असं विचारतो आणि छागल दिसल्यावरच पुढं जातो.

सुरूर फाट्याला वळून वाई. इथं वडिलांचे मित्र राहतात. आठ दिवसांपूर्वी टाकलेलं पोस्टकार्ड त्यांना मिळालेलंच नाही. कुणाचं काही अडत नाही. दार उघडंच असतं. दोघे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका'मध्ये एकत्र होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या त्या योजनेत सकाळी अंगमेहनत आणि मग तास. आता मित्र मराठी विश्वकोशाच्या कचेरीत आहेत आणि रविवारीही घरी मुद्रितं तपासतात. "शास्त्रीबुवांच्या नजरेतून एक काना सुटत नाही," असं ते प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींबद्दल सांगतात. कागदावरच्या लाल खुणांकडे बघा. एका भाषेसाठी माणसं गावातल्या गावात बसून असं काम करत आहेत, हे दहाव्या वर्षी तुम्हाला कळणार नाही, पण शाईचा वास लक्षात राहील.

साताऱ्यात आत्याकडे जेमतेम तासभर. कंदी पेढे, आमरस, "राहा की आजची रात" आणि तुमच्या उंचीची चर्चा.

उंब्रजनंतर डावीकडे, मसूरच्या वाटेला तुमचं गाव. फियाटचा धुरळा बघून पोरं मागं धावतात. पारावरचा म्हातारा वाकून आत बघतो: "ह्ये कुणाचं पोर म्हणायचं?" आजी नाव सांगते, मग तो तुमच्या पणज्यापर्यंत जातो आणि समाधानानं मागं सरतो.

तात्या वडिलांचे थोरले भाऊ. एवढ्या दिवसांसाठी ते कधी गावी नसायचे. लालबागच्या खोलीत आळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं, साचे खात्यात पाळी करायची. गणपतीला आणि जत्रेला तेवढं गावी यायचं. वडील बी.ए. झाले ते त्यांच्या मनिऑर्डरींवर. आज ते उन्हानं रापले आहेत, हातात खुरपं आहे. दोन एकर कोरडवाहूत चार भावंडांचा वाटा. काम नाही असं नाही, पण इतक्या हातांना पुरेल एवढं ते नाही.

काकी चुलीपुढून उठत नाहीत. कोंबडं कापलं आहे. मागच्या दारानं शेजारची पोरगी पदराखाली साखरेची वाटी झाकून आणते. ती तुम्हाला दिसते, आईलाही दिसते. दोघंही बघितलं नाही असं करता.

"म्हैनाभरात मिटंल," तात्या म्हणतात. "डॉक्टर मागं हटायचा न्हाय. आन् आम्ही बी न्हाय."

डॉक्टर म्हणजे संपाचे पुढारी दत्ता सामंत. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. हा संप रीतसर कधीच मागे घेतला जाणार नाही, लाखाहून जास्त माणसं कामावर परतणार नाहीत, गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहतील, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगून उपयोग नाही. तात्यांच्या ताटातली भाकरी मोडून खा. त्यांची बाजू न्यायाची होती. पगारवाढ मागणं आणि आपली संघटना आपण निवडणं, यात काही गैर नव्हतं.

जेवणानंतर वडील पाकीट पुढं करतात. तात्या हात लावत नाहीत. धाकट्याकडून कसं घ्यायचं? वडील पाकीट तसंच खिशात ठेवतात आणि निघताना आजीच्या पिशवीत सरकवतात. आजी इथंच राहणार आहे. स्वतःच्या आईनं दिलेलं कुणी नाकारत नाही. तिला गाडीत घेऊन येण्याचं खरं कारण आत्ता तुमच्या ध्यानात येतं. बदल्यात गाडीत अर्धं पोतं शेंगा चढतात, घेवड्याची पिशवी येते, आईची ओटी भरली जाते. त्या घरातून कुणी रिकाम्या हातानं जात नाही, संप असो नसो.

कराडला मामाकडे पोचेपर्यंत दिवे लागले आहेत. १९६७च्या भूकंपात तडकलेली भिंत मामा प्रत्येक वेळी दाखवतात, आजही दाखवतात. जेवण नको म्हणता म्हणता जेवता.

त्या दिवशी दोघा भावांनी एकमेकांच्या घरांचा भार हलका केला, त्यासाठी फोन लागला नाही आणि बँकही लागली नाही. रस्ता गावांतून, बाजारातून, दारावरून जात होता. न थांबता गेलं तर संध्याकाळपर्यंत बोभाटा व्हायचा. आता बाह्यवळणं झाली आहेत, पुण्याहून तीन तासांत कराड येतं आणि माणसं फलकांवरच्या बाणांमागं राहतात.

पुढच्या वेळी कोल्हापूरकडे निघालात की तासभर हाताशी ठेवून निघा. सुरूरला वळा, उंब्रजला वळा. तुमची काकी अजून असेल तर तिला भेटा, आणि ती देईल ती पिशवी नको म्हणू नका.