डीव्हीडी-व्हिडिओसाठी फाइल-रूपांतर

संगणकातील व्हिडिओ फाइल घरगुती डीव्हीडी प्लेअरला वाचता येईल अशा ठरावीक रूपात बदलून डिस्कवर राइट करण्याची प्रक्रिया. फाइल नुसती डिस्कवर कॉपी केल्याने हे काम होत नाही. तशी डिस्क ही डेटा डिस्क. ती संगणकावर उघडते, प्लेअरमध्ये बहुधा चालत नाही. ‘डिव्हएक्स’ची खूण असलेले काही प्लेअर एव्हीआय फाइल थेट चालवत, पण सगळे नव्हेत.

डीव्हीडीआधीच्या व्हिडिओ सीडीचे (1993) नियम फार कडक होते: एमपेग-1 चित्र, पाल या टीव्ही-पद्धतीत 352×288 बिंदू, बिटरेट सेकंदाला 1,150 किलोबिट. एका सीडीवर 74 ते 80 मिनिटे मावत, म्हणून हिंदी-मराठी चित्रपट दोन-तीन सीडींच्या संचात येत. 1996 साली बाजारात आलेल्या डीव्हीडीत एमपेग-2 वापरतात. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत चित्र 720×576 बिंदूंचे, सेकंदाला 25 फ्रेम. अमेरिका व जपानच्या एनटीएससीत 720×480 व 29.97. ध्वनी 48 किलोहर्ट्‌झचा लागतो, त्यामुळे सीडीवरचे 44.1 किलोहर्ट्‌झचे गाणे जोडायचे तर तेही बदलून घ्यावे लागते.

खरी कसोटी बिटरेटच्या हिशेबाची. एकपदरी डिस्कची क्षमता 4.7 अब्ज बाइट. संगणक हाच आकडा 4.38 जीबी असा दाखवतो. दोन तासांच्या चित्रणाला सेकंदाला जेमतेम 5 मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्र चांगले राहते. लग्नाचे चार तासांचे चित्रण त्याच डिस्कवर कोंबले की वाटा निम्म्यावर येतो. मग अक्षता पडताना आणि वरातीत चौकोनी ठिपके उठतात. अशा वेळी दोन डिस्क करणे हाच शहाणपणा. उलट, चित्राचा बिटरेट 9.8 मेगाबिटच्या वर नेता येत नाही. ती प्रमाणातील मर्यादाच आहे. इंटरनेटवरून उतरवलेली धूसर फाइल मोठ्या बिटरेटने रूपांतरित केली तरी स्पष्ट होत नाही, फक्त जागा खाते.

चित्रपट 24 फ्रेमचा आणि पाल 25 चा. सर्वांत सोपी तोड म्हणजे चित्रपट चार टक्के जास्त वेगाने चालवणे: 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. तयार कानाला ते जाणवते. कॅमेऱ्याच्या टेपवरील चित्रणात दुसरीच अडचण असते. तिथे प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फील्डची बनते. त्यांचा क्रम चुकला, तर संगणकावर ठीक वाटलेले चित्र टीव्हीवर हलत्या जागी थरथरते.

रूपांतरानंतर ऑथरिंग. मेनू व प्रकरणे बांधली जातात आणि ‘व्हिडिओ_टीएस’ या फोल्डरात एक जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइल तयार होतात. उपशीर्षके इथे अक्षरे म्हणून नव्हे, चित्रे म्हणून साठतात; म्हणून प्लेअरमध्ये फाँट नसला तरी देवनागरी अचूक दिसते. एफएफएमपेग हे मोफत साधन पालचे सर्व आकडे एका आज्ञेत लावून देते; डीव्हीडीस्टायलरसारखी साधने मेनूसह सगळे करतात. राइट करून झाल्यावर डिस्क फायनलाइझ केली नाही, तर बरेच प्लेअर ती ओळखत नाहीत.

एमपेग-2 मध्ये टाकलेले तपशील परत मिळत नाहीत आणि राइट केलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर काळाने खराब होतो. म्हणून डिस्क तयार झाली तरी मूळ फाइल पुसू नये.