लेण्यांत रमलेली माणसं

सोयगाव तालुक्यात फर्दापूरच्या पुढे वाघूर नदी घोड्याच्या नालासारखं वळण घेते. त्या वळणावरच्या कड्यात अजिंठ्याची लेणी आहेत. 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीसाठी आलेला मद्रास फौजेतला अधिकारी जॉन स्मिथ इथे पोचला आणि लेण्यांची वार्ता जगभर गेली. पुढच्या शंभर वर्षांत इथे एक नवंच काम उभं राहिलं, भिंतींवरच्या चित्रांच्या हुबेहूब नकला करण्याचं.

या कामाला हात कसलेला हवा, पण तेवढ्यावर भागत नसे. लेण्यांत अंधार, वटवाघळं, कड्यावर मधमाश्यांची पोळी. एकेका चित्रापुढे कितीतरी दिवस उभं राहायचं. स्वभावातच एकांत आणि चिकाटी असावी लागे.

रॉबर्ट गिलकडे ती होती. हाही मद्रास फौजेतलाच अधिकारी. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला या कामावर नेमलं आणि त्याचं बिऱ्हाड अजिंठा गावातल्या बारादरीत आलं. कवायत आणि हुकूम यांत तरुणपण गेलेला हा माणूस कॅनव्हासवर तैलरंगांत बोधिसत्त्व उतरवू लागला. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीशी त्याचा जीव जडला. 1856 सालची तिची कबर अजिंठा गावात आहे. गिलने पाठवलेली चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. 1866 च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. एवढ्या वर्षांची मेहनत राख झाल्यावर दुसरा कोणी मायदेशी निघून गेला असता. गिलने पुन्हा रंग मागवले आणि त्याच भिंतींसमोर उभा राहिला. 1879 मध्ये तो वारला. भुसावळला त्याचं दफन झालं. नेमणुकीचा कागद माणसाला कामावर आणतो, पण जळालेलं काम दुसऱ्यांदा हाती घ्यायला लावतो तो त्याचा कल.

गिल एकटा होता. जॉन ग्रिफिथ्स आला तो तुकडी घेऊन. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या या शिक्षकाने 1872 पासून विद्यार्थ्यांना हिवाळ्यात इथे आणायला सुरुवात केली आणि 1885 पर्यंत हे काम चाललं. पेस्तनजी बोमनजी हे त्या तुकडीतले प्रमुख. लेण्यांतल्या राजवाड्यांच्या चित्रांवर हात बसलेले पेस्तनजी पुढे पारशी घरांतल्या साध्यासुध्या प्रसंगांचे चित्रकार म्हणून नावाजले. ग्रिफिथ्सच्या चित्रांपैकी पुष्कळ लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या आगीत गेली. ही दुसरी आग, काम थांबलं त्याच 1885 मधली.

कल आणि काम यांच्या याच नात्यावर 1909 मध्ये अमेरिकेत फ्रँक पार्सन्सचं पुस्तक निघालं. माणसाने आधी स्वतःला ओळखावं, मग कामं पारखावीत आणि दोहोंचा मेळ घालावा, हा त्याचा विचार. पुढचं व्यवसाय-मार्गदर्शन बरंचसं त्यावर उभं राहिलं. त्याच वर्षी इंग्लिश चित्रकार ख्रिस्तियाना हेरिंगहॅम अजिंठ्याला नकलांच्या कामाला आल्या. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हलदार, के. व्यंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त आले आणि हैदराबादहून सय्यद अहमद. कलकत्त्याहून आलेले चित्रकार काम आटोपून परतले. शिल्लक राहिली त्यांच्या कुंचल्यातली अजिंठ्याची रेषा. सय्यद अहमद मात्र या भिंतींशी कायमचे बांधले गेले आणि निजाम संस्थानाच्या काळात लेण्यांचे अभिरक्षक झाले. माझ्या मते या गोष्टीतलं सर्वांत जुळलेलं आयुष्य त्यांचंच.

याच तालुक्यातल्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर. जळगावचं कॉलेज अर्ध्यावर सोडून ते घरच्या शेतीकडे वळले. शेतकरी की कवी, यातलं एक निवडायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही. 1967 मध्ये ‘रानातल्या कविता’ आल्या, विहिरी-बंधाऱ्यांचं कामही चालू राहिलं, आणि गिल-पारोच्या कथेवर त्यांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं.

2016 मध्ये महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली होती. पण कल म्हणजे काय, हे चाचणीबाहेरही दाखवता येतं. सोयगाव, फर्दापूरच्या शाळांतली मुलं लेण्यांच्या सहलीला जातात, तेव्हा शिक्षकांनी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर थांबून त्याची नक्कल करणाऱ्यांविषयीही पाच मिनिटं सांगावं. गिल आणि सय्यद अहमद ही नावं या तालुक्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक हवीत.