आकाशाशी ताडलेले पंचांग

२०२३ साली टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टला आले. शेजारच्या दाते पंचांगाच्या घरात त्या दिवशी अधिक श्रावण संपून निज श्रावण नुकताच लागला होता. तिथे मूर्ती आली १९ सप्टेंबरला. श्रद्धा दोन्हीकडे सारखी आणि गणितही दोन्हीकडे चोख. मग महिन्याचे अंतर पडले कुठून? त्यासाठी पाचशे वर्षे मागे, कोकणातल्या मुरूडजवळच्या नांदगावात जावे लागते.

तिथे केशव दैवज्ञ राहत. धर्मकृत्यांसाठी तिथी-नक्षत्रे काढून देणारा हा ज्योतिषी रात्री आकाशाकडे बघत बसे. जुन्या ग्रंथांतून निघणारी ग्रहांची स्थाने प्रत्यक्षाशी जुळत नाहीत हे त्यांनी पाहिले आणि तसे लिहून ठेवले. पुढेही असाच फरक पडत जाईल, तेव्हा त्या त्या काळच्या गणकांनी ग्रहांचे उदयास्त आणि युती स्वतः पाहून गणित दुरुस्त करावे, असेही त्यांनी सांगून ठेवले. परंपरेच्या आत बसून परंपरेला दुरुस्तीची मुभा देणारे हे वाक्य महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासात फार मोलाचे आहे.

त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळली होती. साध्या गुणाकार-भागाकारावर ग्रह निघत. गावोगावच्या जोशांना तो ग्रंथ इतका सोयीचा पडला की पुढे साडेतीनशे वर्षे त्याच्यावरूनच पंचांगे होत राहिली. वडिलांची सूचना मात्र मागे पडली.

तिथी चुकली तर चटकन कळत नाही. एकादशी किती वाजता लागली हे नुसते चंद्राकडे बघून कोण सांगणार? ग्रहणाचे तसे नसते. नदीत उभा राहून जप करणाऱ्याला स्पर्श कधी झाला, म्हणजे ग्रहण कधी लागले, हे डोळ्यांनी दिसते. काठावर घटिकापात्र मांडलेले असते. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगते, हळूहळू भरते आणि बुडते; एकदा बुडाली की एक घटी, म्हणजे २४ मिनिटे झाली. पंचांगात दिलेली घटी उलटून गेली आणि बिंब अजून अखंडच असले, तर पंचांग चुकले हे सांगायला विद्वान लागत नाही. पंचांगाची खरी परीक्षा घेणारा हा स्नानाला आलेला भाविकच होता.

एकोणिसाव्या शतकात ही दुरुस्ती हाती घेतली केरो लक्ष्मण छत्रे यांनी. अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत तयार झाले आणि पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले; टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांनी युरोपीय ज्योतिषाच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली आणि काही वर्षांतच आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने नवे पंचांग निघाले. ते पटवर्धनी पंचांग. ग्रहणे जुळली, पण विरोध झालाच.

विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता. धर्मशास्त्राचे निर्णय ‘बाणवृद्धी रसक्षय’ या नियमावर बेतलेले होते: साठ घटींची तिथी फार तर पाच घटींनी वाढते, सहांनी घटते. प्रत्यक्ष चंद्राची चाल याहून चंचल आहे. खरी तिथी ६७ घटींच्या आसपास लांबते आणि ५० घटींपर्यंत आखडते. मग श्राद्धाचा दिवस कोणता धरायचा, उपास कधी सोडायचा, हे सारे नव्याने ठरवावे लागणार होते. बापाचे श्राद्ध चुकीच्या दिवशी होईल ही माणसाची भीती खरी असते आणि सुधारकांनी तिची किंमत ठेवली. त्यांनी शास्त्राला बाजूला सारले नाही. गणित दृक्-प्रत्ययाला, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाला, उतरले पाहिजे, हा शास्त्राचाच दंडक त्यांनी पुढे केला.

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. त्यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून या साऱ्या परंपरेचा हिशेब मांडला. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर ते सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते, म्हणजे मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर न धरता उत्तरायण खरोखर लागते तेव्हा, डिसेंबरात धरावी या मताचे. तर्काने त्यांची बाजू भक्कम होती; समाजाने ती स्वीकारली नाही. तिकडे बागलकोटला शिक्षक असलेले व्यंकटेश बापूजी केतकर पाश्चात्त्य गणित संस्कृत श्लोकांत बांधत होते. नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांविषयीचे भाकीत १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत छापून आणणारे केतकर तेच.

आता त्या महिन्याच्या अंतराकडे येऊ. राशीचक्र मोजायला कुठून सुरुवात करायची? सूर्यसिद्धान्तात रेवतीचा तारा जवळजवळ आरंभबिंदूवर आहे आणि चित्रा बरोबर १८० अंशांवर. आकाशात मात्र या दोन ताऱ्यांत साधारण १८४ अंश भरतात. ग्रंथ दोन्ही म्हणतो, आकाश एकच देते. केरूनाना आणि टिळकांनी रेवती धरली; तो तारा इतका मंद आहे की शहरातून दिसतच नाही. केतकरांनी ठळक चित्रा धरली. टिळक पंचांग रेवतीवर चालते, दाते पंचांग चित्रेवर. चार अंशांचा हा फरक सूर्य चार दिवसांत ओलांडतो. संक्रांत अमावास्येच्या अलीकडे पडते की पलीकडे, यावर अधिक महिना बदलतो. यात कोण खरा, हे दुर्बीण सांगू शकत नाही. आरंभबिंदू माणसांनी एकत्र बसून ठरवायचा असतो. १९०४ मध्ये मुंबईत आणि नंतर पुण्या-सांगलीत परिषदा भरल्या, तरी एकमत टिकले नाही.

१९५२ मध्ये भारत सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तेव्हा देशात तीसेक पंचांगे चालू होती. साहा विज्ञाननिष्ठ, त्यांच्या शेजारी ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी यांच्यासारखे परंपरेचे जाणकार. समितीने नागरी वर्ष सायन ठेवले आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सणांसाठी मात्र ताऱ्यांवरून मोजायचे निरयन मान कायम ठेवले आणि दोन्ही मानांतले अंतर, म्हणजे अयनांश, ठरवून दिले. पदरची श्रद्धा न सोडता आणि वेधाशी अप्रामाणिक न होता इतकीच वाट होती आणि ती त्यांनी काढली.

येत्या पाडव्याला घरी नवे पंचांग आणाल तेव्हा ग्रहणांचे पान काढून ठेवा. आपल्या गावातून दिसणारे चंद्रग्रहण असेल त्या रात्री मुलांना घेऊन गच्चीवर जा आणि छापलेली स्पर्शाची वेळ घड्याळाशी ताडून पाहा. केशव दैवज्ञांनी हेच करायला सांगितले होते.