निनावी ऑनलाइन बाजारपेठांतील पतव्यवस्था
ज्या बाजारपेठेत खरेदीदार व विक्रेता परस्परांना टोपणनावानेच ओळखतात आणि फसवणूक झाल्यास न्यायालयात दाद मागता येत नाही, तेथे व्यवहार तडीस जावा म्हणून उभारलेली, अभिप्राय आणि मध्यस्थाकडील ठेव यांवर आधारलेली यंत्रणा. तिचे ठळक उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झालेली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बंद पाडलेली, मुख्यतः अमली पदार्थांची ‘सिल्क रोड’ ही बाजारपेठ. वापरकर्त्याचा माग लपविणाऱ्या टॉर जालातून तेथे प्रवेश होई व मोल बिटकॉइनमध्ये चुकविले जाई. ही रक्कम माल पोहोचल्याची ग्वाही खरेदीदाराने देईपर्यंत संचालकांच्या ताब्यात राही (या पद्धतीस ‘एस्क्रो’ म्हणतात) आणि त्यानंतर खरेदीदार विक्रेत्यास पाचपैकी गुण देई. बहुतांश अभिप्राय सर्वोच्च गुणांचेच असत. त्यामुळे सरासरीपेक्षा मोजके प्रतिकूल शेरे आणि पूर्ण झालेल्या व्यवहारांची संख्या यांवरून पत जोखणे अधिक शहाणपणाचे ठरे.

टोपणनाव टाकून नवे घेणे सोपे असल्याने जुन्या नावाची साचलेली पत हेच विक्रेत्याचे खरे भांडवल असे. बाजारपेठ बुडाली तरी पीजीपी या सांकेतन प्रणालीतील आपल्या किल्लीच्या आधारे तोच विक्रेता दुसरीकडे आपली ओळख पटवू शके. मध्यस्थाच्या सचोटीची हमी मात्र या रचनेत नव्हती : मार्च २०१५ मध्ये ‘इव्होल्यूशन’ या अशाच बाजारपेठेचे संचालक ग्राहकांच्या ठेवींसह परागंदा झाले. तीनपैकी दोन स्वाक्षऱ्यांशिवाय रक्कम न सुटणारी बहुस्वाक्षरी पद्धत हा त्यावरील तांत्रिक उपाय होय. पण ती किचकट असल्याने सामान्य ग्राहक तिच्या वाटेला फारसा गेला नाही.